अठ्ठाविसाव्या फर्म्यानंतर

नितीनचा फोन आला तेव्हा मी नागपुरात, सदरला चष्म्याच्या दुकानात उभा होतो. दुकानदार बसा, बसा म्हणत होता आणि मी नेहमीप्रमाणे उभाच. मला बसवत नाही. बँकेत, लग्नात, डॉक्टरकडे… पाच मिनिटं झाली की पाय आपोआप दाराकडे वळतात. नितीन म्हणजे माझा भाचा, शालूताईचा मुलगा. तो एवढंच म्हणाला, "मामा, आई गेली. बाइंडिंगमध्येच." मी चष्मा तिथेच टाकून निघालो आणि ऑटोवाल्याला दोनदा चुकीचा पत्ता सांगितला.

गांधीबागेत कापडाच्या दुकानांमागच्या गल्लीत ते बाइंडिंगचं दुकान आहे. वरच्या मजल्यावर लांबट खोली, जमिनीवर चटया आणि चटयांवर बसून छापील कागद दुमडणाऱ्या सात-आठ बायका. मधली बाळंतपणं सोडली तर माझी मोठी बहीण जवळजवळ पन्नास वर्षं त्या खोलीत बसली. त्या दुपारी जेवण झाल्यावर ती भिंतीला टेकली, मांडीवर कागद घेतला आणि मान खाली घातली. तशी ती रोजच बसायची, वाचायला. म्हणून बराच वेळ कुणाच्या लक्षातच आलं नाही. शेजारच्या चटईवर तीस वर्षं बसलेल्या यमुनाबाई मला जिन्यातच भेटल्या. "आमाले वाटलं वाचून राहिली," त्या म्हणाल्या. "मी त पोरींले म्हटलं, हळू बोला वं, तिची गोष्ट रंगात आली असन." त्या रडत नव्हत्या. पुन्हा पुन्हा तेच वाक्य सांगत होत्या.

आता फर्मा म्हणजे काय ते सांगायला हवं, त्याशिवाय शालूताई कळायची नाही. छापखान्यात एका मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात. त्या कागदाच्या घड्या घातल्या की झाला एक फर्मा. असे वीस-पंचवीस फर्मे ओळीनं लावून शिवले की पुस्तक. पण छापखान्यातून फर्मे येतात ते काही ओळीनं येत नाहीत. आज नववा आला, परवा दुसरा, मग एकदम सतरावा. शालूताई ते येतील तसे वाचायची. त्यामुळे माणूस जन्माला येण्याआधीच तो कोणत्या लढाईत पडणार हे तिला ठाऊक असायचं. मी एकदा तिला म्हटलं, असं वाचण्यात कसली मजा? ती म्हणाली, "काहून? शेजारीण तुले तिची गोष्ट पहिल्यापासून सांगते का? मधूनच सांगते न. मागचं आपण जुळवतोच." हे तिनं एम.ए. झालेल्या माणसाला ऐकवलं.

एम.ए. मी. मराठी घेऊन. आमचं घर नागपूरजवळच्या खाप्याचं. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा शालूताई आठवीत होती आणि मी दुसरीत. दोघांपैकी एकाचीच शाळा चालू राहणार होती. ती कुणाची, यावर घरात चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. आम्ही नागपूरला मामांच्या आसऱ्याला आलो, ती फर्मे दुमडायला बसली आणि मी शिकलो. कसा शिकलो तेही सांगून टाकतो. कादंबरीचा पेपर मी गाईडवर काढला. पुस्तक हातात घेऊन बसणं माझ्याच्यानं कधी झालंच नाही. वर्तमानपत्रसुद्धा मी उभ्यानं वाचतो. पण शालूताईच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की आपला भाऊ मोठा वाचणारा आहे. दुकानातल्या बायकांना ती तसं सांगायची. मी तिचा गैरसमज दूर केला नाही, कारण तो माझ्या फायद्याचा होता.

तिला जाड कादंबऱ्या आवडायच्या. ऐतिहासिक, थोरामोठ्यांच्या आयुष्यावरच्या, माणसाला उभारी देणाऱ्या. या कादंबऱ्यांची मला भारी चीड. पहिली पन्नास पानं वंशावळ, वतनं, सनदा, कोण कुठून आला आणि कुणाच्या पदरी राहिला… माणूस दमून जातो आणि अजून घोड्यावर कुणी बसलेलंच नसतं. शालूताईचा मात्र नियम होता. तीन फर्मे. अठ्ठेचाळीस पानं होईपर्यंत पुस्तकाबद्दल वाईट बोलायचं नाही. "पाहुणा दारात चपला काढून राहिला असते," ती म्हणायची, "अन् तू त्याले म्हणतं, बोल लवकर, काय काम आहे. त्याले बसू त दे गा." मी तिला चिडवायचो की तू पन्नास वर्षं खाली बसलेली, तुला बसणाऱ्यांचाच कळवळा. ती हसायची. तिचे गुडघे तेव्हा पार गेले होते.

मी निवृत्त झालो तेव्हा कार्यालयातल्या लोकांनी मला एक कादंबरी भेट दिली. नाव मुद्दाम देत नाही. लेखक हयात आहेत, आणि सुरुवातीची पन्नास पानं त्यांनी कुणावर तरी सूड उगवायला लिहिली असावीत असं माझं आजही मत आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळातली गोष्ट आहे. एका लहानशा सरदाराची विधवा कोरड्या गावासाठी तळं खोदायला घेते, दागिने मोडते, भाऊबंदांशी भांडते आणि म्हातारी होईपर्यंत खोदत राहते. योगायोग असा की याच कादंबरीची पहिली आवृत्ती शालूताईच्या हातून गेली होती. खराब छापलेल्या कागदांतून एकेक फर्मा जमवून, मालकाला विचारून, तिनं स्वतःपुरती एक प्रत शिवलीही होती. माझी प्रत दुसऱ्या आवृत्तीची, दुसरीकडे बांधलेली. मला ती भेट मिळाली हे ऐकून शालूताई इतकी आनंदली की जणू तिचाच सत्कार झाला. तिच्या घरात वाचणारं कुणी नव्हतं. "आता वाच," ती म्हणाली, "मंग आपण बोलू." मी वीस पानं वाचली. दुसरा फर्मा अर्धाही झाला नाही.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी तिच्याकडे गेलो. पाटावर बसलो, म्हणजे बसावंच लागलं. तिनं टिळा लावला, निरांजन ओवाळायला घेतलं आणि हात मधेच थांबवून विचारलं, "झाली का गा वाचून?" मी म्हटलं, झाली न. तिनं विचारलं, "मंग तळं भरते का?"

मला वाटलं ती परीक्षा घेते आहे. उभारी देणारी कादंबरी, मागच्या पुठ्ठ्यावरच छापलेलं ते तीस वर्षं खोदलेलं तळं… ते भरणार नाही तर काय होणार? मी म्हटलं, "भरते न वं. काठोकाठ भरते." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला थांबता येत नाही. मी गाव नाचवलं, म्हातारीला पायऱ्यांवर बसवलं, तिचे पाय पाण्यात सोडले. शालूताई निरांजन हातात धरून ऐकत राहिली. तूप संपत आलं तरी तिला भान नव्हतं. शेवटी एवढंच म्हणाली, "माह्या पुस्तकात नाही हे. नव्या आवृत्तीत फर्मा वाढला असन." मला त्याचा अर्थ लागला नाही. मला भूक लागली होती आणि पाटावर पायांना मुंग्या आल्या होत्या.

त्यानंतर ती माझी प्रत मागायला लागली. "पुढच्या खेपेले आणजो." मी विसरलो. मग तिनं फोनवर आठवण करून दिली, तेव्हा मी सांगितलं, एका मित्रानं वाचायला नेली आहे. वर्षभर तो मित्र, जो कुठेच नव्हता, कादंबरी वाचत होता. आणायला हरकत काय होती? हरकत ही की पुस्तक उघडलं गेलं आहे की नाही, हे ती नुसत्या पाठीवरून ओळखायची. माझ्या प्रतीची पाठ कडक, कोरी करकरीत. ती हातात घेतल्याबरोबर तिला कळलं असतं. दुसरी भाऊबीज आली, तेव्हा तिनं मागितलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. त्यानंतर दोन महिन्यांत ती गेली.

तेरवी झाली आणि माझी झोप उडाली. घरात येरझाऱ्या घालून बायकोला वीट आणला. एका सकाळी कपाटातून ती कादंबरी काढली आणि तिला एकदाचा न्याय द्यायचा म्हणून जेवणाच्या टेबलाशी बसलो. उठलो, पाणी प्यालो, बसलो. कुंड्या पाहून आलो, बसलो. वंशावळ. सनदा. पुन्हा वंशावळ. अठ्ठेचाळीस पानं झाली आणि काही झालं नाही. शालूताईचा नियम खोटा निघाला म्हणून मी तिच्यावर चिडलो, मेलेल्या माणसावर चिडतात तसा. चौथ्या फर्म्यात कधीतरी त्या बाईनं पहिली कुदळ मारली, खाली काळा दगड लागला आणि ती म्हणाली, ठीक आहे, उद्या बघू. त्यानंतर मी उठलो नाही. बायकोनं ताट आणून ठेवलं ते गार झालं. चार दिवसांत कादंबरी संपवली. अठ्ठावीस फर्मे.

तळं भरत नाही. तीस वर्षं खोदून, बांध घालून, पायऱ्या बांधून पाणी टिकत नाही, तळातून झिरपून जातं. शेवटच्या पानावर म्हातारी कोरड्या तळात उतरून पुन्हा टोपलं उचलते आणि कादंबरी तिथेच, वाक्य संपावं तशी, संपते. खाली 'समाप्त'सुद्धा नाही. आणि ही दुसरी आवृत्ती होती. त्यात एकही फर्मा वाढलेला नव्हता. मी मागची पानं चाळली, पुठ्ठ्याच्या आतून पाहिलं, वेड्यासारखं. तिनं मला विचारलं होतं ती परीक्षा नव्हती. तिची गोष्टही इथेच थांबली होती, आणि पुढे काही आहे का हे तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गांधीबागेत गेलो. तिचा डबा आणि बसायची उशी आणायची राहिली होती, हे निमित्त. यमुनाबाईंनी डबा दिला, उशी दिली आणि कापडात बांधलेलं एक पुस्तक दिलं. शालूताईची स्वतःची प्रत. मी उभ्या उभ्या शेवट उघडला. अठ्ठाविसावा फर्मा, टोपलं उचलणारी म्हातारी… आणि त्यापुढे सोळा कोरी पानं. नीट दुमडलेली, बाकीच्या फर्म्यांबरोबर शिवलेली.

"हे कोरं काहून?" मी विचारलं.

"जागा ठेवली न तिनं," यमुनाबाई म्हणाल्या. "तो फर्मा सापडला की तिथं लावाचा होता. सारं पुस्तक उसवून तिनं पुन्हा शिवलं. किती शोधलं भाऊ तिनं… छापखान्याच्या माणसाले विचारलं, रद्दीचे गठ्ठे उलटेपालटे केले. आम्ही म्हटलं, नसन वं तसा फर्मा. त म्हणे, माह्या भावानं वाचला आहे. तो एम.ए. आहे." त्यांनी पुढचा कागद ओढला. दुमडणाऱ्या बायका आता माझ्याकडे पाहत होत्या. "काय आहे भाऊ त्या फर्म्यात? आमाले तरी सांगा. तिनं आमाले अर्धंच सांगितलं. म्हणे, नजरेनं पाहिल्यावर पुरं सांगीन."

मी खाली बसलो. तिच्या चटईवर नाही, बाजूला फरशीवर. म्हटलं, "असा फर्माच नाही यमुनाबाई. मी तेव्हा पुस्तक वाचलं नव्हतं. अंदाजानं ठोकून दिलं."

यमुनाबाईंचा हात थांबला नाही. हातातला कागद दुमडून त्यांनी बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. "म्हणजे तिचं पुस्तक पुरंच होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"तिले सांगाचं होतं न गा."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी विचारलं, हा कोरा भाग काढून देता येईल का? त्यांनी पुस्तक हातात घेतलं, पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, काढता येते, पण शिवण साऱ्याची एकच आहे, पुस्तक ढिलं पडन. मग मी ते तसंच घरी आणलं.

हे लिहायला बसल्यापासून मी किती वेळा उठलो असेन ते मोजलेलं नाही. तळं भरलं नाही हे शालूताईला सहन झालं असतं. तिनं त्याहून कोरडं बरंच काही सहन केलं होतं. पण चौदा महिने ती नसलेला फर्मा शोधत राहिली, आणि तो नाही हे एका वाक्यात सांगू शकणारा एकच माणूस फोन आला की घाईत असायचा. यावर मला क्षमा मागायला जागा नाही, आणि कुणी समजूत काढलेलीही मला खपत नाही.

परवा तिच्या प्रतीतून ती कादंबरी मी पुन्हा वाचून संपवली, वंशावळीसकट. शेवटचं छापील पान उलटलं. पुढे काही नाही हे ठाऊक होतं. तरी सोळाही कोरी पानं एकेक करून उलटली, आणि प्रत्येक पानावर, वाचायला जेवढा वेळ लागला असता तेवढा, थांबलो.