करकंबचा मुऱ्हाळी

सोलापूर स्टेशनाबाहेरचे टांगेवाले नाना घोड्याला चाबूक लावत नसत आणि राधाक्कांना खरं सांगत नसत. दोन्हींचा त्यांना सारखाच अभिमान होता.

राधाक्का साखर पेठेतल्या. म्हातारपणी सगळं विसरल्या. नवरा, मुलगा, स्वतःचं दारसुद्धा. उरलं फक्त माहेर, करकंब. दुपार कलली की घरच्यांची नजर चुकवून त्या स्टेशनावर यायच्या. "माझा दादा मला न्यायला येनार हाय. बघितला का?" तिकीटबाबू खिडकी आपटायचा. हमाल ओरडायचे, "व्हय की गं म्हातारे, आत्ताच गेला मालगाडीनं!" मी तिथंच समाजसुधारणेची पत्रकं वाटत असे. स्पष्ट लिहितो: आठवण गेलेल्या माणसाची थट्टा करणाऱ्याच्या अंगावर सरकारी डगला शोभत नाही.

नाना मात्र पटका नीट बांधायचे आणि टांगा पुढे घ्यायचे. "चल आक्का, तुजा मुऱ्हाळी आलाय." सासरी गेलेली लेक माहेरी न्यायला मुऱ्हाळी, म्हणजे भाऊ, आल्याशिवाय कशी निघेल? म्हणून नाना भाऊ. शिवा टांगेवाला खिदळायचा, "नाना, म्हातारीपायी तुमी बी येडे होनार!"

टांगा तळ्याच्या काठानं संथ फिरायचा. पाण्यावर ऊन विरघळत असायचं, गिरणीचा धूर आभाळात झोपी जायचा, घुंगरांच्या नादात आक्कांचे डोळे मिटायचे. मग टांगा हळूच त्यांच्याच दारी. "उतर, आलं करकंब." नानांनी शिकवल्याप्रमाणे सून पायांवर पाणी घालायची, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायची. "वयनी, बरी हाईस का?" म्हणत आक्का माहेरवाशिणीच्या तोऱ्यात आत शिरायच्या.

"पण हे खोटं आहे," मी एकदा नानांना म्हणालो.

"तुमच्या कागदात खरं लई हाय की. द्या तिला एक. बघू, घरी जाती का!"

एकदा हवालदारानं आक्कांचा दंड धरला. "रोजची कटकट! येड्यांच्या इस्पितळात धाडतो हिला." नाना टांग्यातून उतरले.

"सायेब, भनीला न्यायला आलोय मी. चारचौघांत तिचा हात धरू नगा."

हात सुटला.

त्याच साली नाना तापानं गेले. त्यानंतर आक्का पुन्हा आल्या, स्टेशनाबाहेरच्या लिंबाखाली उभ्या राहिल्या, वाटेकडे डोळे लावून. हवालदार त्यांच्याकडे येऊ लागला, तसा शिवा उठला. खांद्यावरचा पटका त्यानं डोक्याला गुंडाळला.

"चला आक्का."

"तू कोन रं?"

"धाकटा हाय की मी. दादानं धाडलंय."

आक्कांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग पदर सावरला आणि टांग्यात चढल्या.