उरलेलं पेट्रोल

मी मूळचा लातूरकडचा. आमच्याकडे पाणी टँकरनं येतं, होडीचा संबंध येत नाही. पण दिल्लीतल्या मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत महाराष्ट्र म्हणजे मुंबई आणि मुंबई म्हणजे समुद्र. त्यामुळे सोसायटीनं हवा भरायची एक रबरी बोट आणि तिच्यामागे लावायची छोटी मोटर घेतली, तेव्हा सेक्रेटरीसाहेब थेट माझ्याकडे आले. "आप तो समंदरवाले हैं," ते म्हणाले. मी नुकताच सरकारी नोकरीतून रिटायर झालो होतो आणि कुणीतरी काहीतरी काम सांगेल याची वाट बघत होतो. मोटर माझ्या गळ्यात पडली.

रस्ता ओलांडला की यमुनेचा खादर लागतो, म्हणजे नदीकाठची सखल शेतं. तिथे झोपड्या बांधून राहणारी माणसं आम्हाला भाजी विकतात. नदी चढली की ती रस्त्याच्या कडेला ताडपत्र्यांखाली येऊन राहतात. त्यांच्या मदतीला म्हणून बोट. खरं सांगायचं तर थोडी फोटोसाठीही.

पहिल्या वर्षी पाणी चढलंच नाही. आम्ही खादरातल्या एका तळ्यात दहा मिनिटं बोट फिरवली, फोटो काढले, मोटर पुसून जनरेटरच्या खोलीत उभी करून ठेवली. ठेवण्याआधी पेट्रोल पूर्ण काढून टाका, असं माहितीपुस्तकात लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं, पेन्सिलीनं खूणही केली होती. पण घरी जेवायला पाहुणे होते आणि मोटर चालली होती जेमतेम दहा मिनिटं. एवढ्याशानं काय होतंय, असं म्हणून मी खोलीला कुलूप लावलं.

पुढच्या पावसाळ्यात यमुना चढली. एका सकाळी आमच्या गेटवर भाजी विकणारी बाई धावत आली. तिचा नवरा म्हैस सोडायला परत गेला होता आणि ट्यूबवेलच्या खोलीच्या छतावर अडकला होता. रस्त्यावरून तो दिसत होता, डोक्याला लाल गमछा बांधलेला. आम्ही टेम्पोतून बोट नेली, पाण्यात सोडली, मोटर बसवली. मी दोरी ओढली. मोटर चालू झाली नाही. मी ओढत राहिलो, तळहात सोलून निघेपर्यंत. बोटीत वल्ही होती, पण त्या प्रवाहात वल्ह्यांवर जायला कुणी तयार झालं नाही. मीही झालो नाही. तासाभरानं सरकारी बोट आली, तेव्हा ना ते छत राहिलं होतं, ना तो.

पाणी उतरल्यावर मी मोटर स्कूटरवाल्या मेकॅनिककडे नेली. त्यानं कार्ब्युरेटर उघडून दाखवला. तळाशी पिवळा, चिकट थर साचला होता. "किसी ने पेट्रोल छोड़ दिया था," तो म्हणाला. मी नुसती मान हलवली.

त्यानंतर मला काहीच झालं नाही. झोप लागत होती, भूक लागत होती. वाईट वाटायला हवं हे कळत होतं, पण वाटत नव्हतं. दाढेचं इंजेक्शन दिल्यावर गालाला हात लावावा आणि गाल आपला नसावा, तसं काहीसं.

ती बाई महिन्याभरात पुन्हा गेटवर बसायला लागली. तिनं त्या दिवशी माझे हात पाहिले होते. अंकलजींनी जीव तोडून दोरी ओढली, हे ती गिऱ्हाइकांना सांगायची. दिल्लीत भाजीबरोबर मूठभर कोथिंबीर-मिरची फुकटच मिळते. मला ती अख्खी जुडी द्यायची. मी नको म्हणालो की पिशवीत कोंबायची. घरी बायको वैतागायची. "अहो, किती आणता? वड्या तरी किती करायच्या?" तिला मी काही सांगितलं नव्हतं. मी वड्या खायचो. चांगल्या व्हायच्या.

मोटर मात्र मी सांभाळायला लागलो. दरवर्षी जूनमध्ये दहा मिनिटांची ट्रायल, आणि मग अर्धा दिवस सर्व्हिसिंग. "एवढं माझ्या गुडघ्यांकडे बघितलं असतंत तर," असं बायको म्हणते. म्हणू दे.

यंदा मी जनरेटरच्या खोलीसमोर निळा ड्रम पाण्यानं भरून मोटर त्यात लावत होतो, तेव्हा ती भाजीवाली आपली टोपली झाकून आली. "मुझे भी सिखा दीजिए, अंकलजी. अगली बार आप घर पर न हुए तो?"

मी शिकवायला लागलो. आधी स्वच्छ पाण्यात मोटर चालवायची, म्हणजे आतला गाळ निघतो. तिनं दोरी ओढली. दुसऱ्याच ओढीला मोटर चालू झाली. ती तशीच उभी राहिली, हातात दोरी धरून. मग मी पेट्रोलचा कॉक बंद करायला सांगितला. आतलं संपलं की मोटर आपोआप बंद पडते. तशी ती बंद पडली. तरी थोडं उरतंच, म्हणून मी कार्ब्युरेटरच्या खालचा स्क्रू दाखवला. तिनं तो सैल केला आणि वाटीत चमचाभर पेट्रोल उतरलं.

"इतना-सा?" ती म्हणाली. "ये न निकालें तो?"

खोटं सांगता आलं असतं. ती शाळेत गेलेली नव्हती आणि मी इंजिनाचा जाणकार समजला जात होतो.

"जम जाता है," मी म्हणालो. "फिर स्टार्ट नहीं होती."

ती वाटीकडे बघत राहिली. "उस साल निकाला था?"

"नहीं."

"किसने रखी थी?"

"मैंने."

 तिनं स्क्रू घट्ट केला, हात फडक्याला पुसले आणि विचारलं, "इसके बाद क्या करना है?" मी प्लग काढून दाखवला, आत तेलाचे थेंब कसे सोडायचे ते दाखवलं. तिनं सगळं नीट करून घेतलं आणि ती टोपलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळी गेटवर गेलो. तिनं अर्धा किलो भेंडी तोलली, पिशवीत टाकली आणि माझ्या मागच्या माणसाकडे बघितलं. मी क्षणभर पिशवी उघडी धरून उभा होतो. मग बाजूला झालो.

घरी बायकोनं पिशवी ओट्यावर उलटी केली.

"आज कोथिंबीर नाही?"

"नाही."

"सुटलो एकदाचे," ती म्हणाली आणि भेंडी धुवायला लागली.