काळवीट दाखवणारे अण्णा

कमठाण्याच्या माळावर लोकांना काळवीट दाखवायला नेणारे एक अण्णा होते. आधी ते शिकारी होते. काळवीट चालत्या माणसाला बुजतं, बैलगाडीला बुजत नाही. म्हणून ते गाडीच्या आडून कळपापाशी जायचे आणि बार काढायचे. पुढं शिकारीला बंदी आली. त्याच गाडीतून मग ते पाहुणे नेऊ लागले. कुजबुजत बोलायची सवय मात्र सुटली नाही. बाजारात कांदेसुद्धा कुजबुजत मागायचे.

मीही गेले. नवी नवरी, कोपरापर्यंत बांगड्या, तोंडाला इतकी पावडर की बैलच बिचारे मागं वळून बघत होते! गाडी पुढं सरकली तसा कळप उधळला.

“माझ्या बांगड्यांनी पळाले का हो, अण्णा?”

“न्हाई अक्का, मला भ्यायलेत. माझा वास ओळखतेत. दुसरा कुणी गाडी हाकला तर उभारतेत.”

त्यांनी खाली उतरून कासरा माझ्या नवऱ्याच्या हातात दिला. “तुमी जावा. मी हितंच बसतो.”

दुसऱ्या खेपेला कळप खरंच हलला नाही. काळा नर मान वर करून आमच्याकडे बघत राहिला.

परतलो तेव्हा अण्णा बाभळीखाली माळाकडं पाठ करून बसले होते.

“पाडसं हायत का?”

“व्हय, दोन. आईला लुचत होती.”

“अजून सांगा की, अक्का.”

मी सांगत राहिले. कळप अजून तिथंच चरत होता, पण अण्णांनी एकदाही वळून पाहिलं नाही.