दादाच्या जीपचा कॅमशाफ्ट

कुठं इंजिन ऑइलचा वास आला, की मला क्रांती चौकामागचं ते गॅरेज आठवतं. दादानं हौसेनं जीपचं इंजिन मोठं करायला काढलं होतं, आणि ते काम अर्धवट टाकून तो काविळीनं गेला. महिनाभरानं मी वहिनीला घेऊन तिथं गेले. मिस्त्रीनं फडक्यावर, झडपांची उघडझाप करणारे दोन कॅमशाफ्ट ठेवले. "भाभी, हा भाईनं पसंत केलेला. गाडी लई पळंल, पण हळू चालवताना दम नाय देणार. हा दुसरा पळणार नाय, पण भरली गाडी चढावर ओढंल. कोणता टाकू?" वहिनी दादाच्या कॅमशाफ्टवरून हात फिरवत राहिली. बोटं तेलानं काळी झाली. मग म्हणाली, "त्यांना पळवायची हौस होती. मला लेकरं घेऊन माहेराहून घाट चढून यायचंय. दुसरा टाका." दिवाळीनंतर ती स्वतः जीप चालवत कन्नडचा घाट चढली, मी शेजारी, मागं दोन्ही लेकरं. गाडी कुठंच अडखळली नाही. माथ्यावर तिनं जीप कडेला घेतली आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्यानं रडली. मी चावीकडं हात नेला, तर म्हणाली, "राहू द्या, चालू राहू द्या." त्या संथ आवाजात आम्ही चौघं किती वेळ बसून होतो, ते मला आजही सांगता येणार नाही.