पेट्रोलचा वास

दिंडोरी रोडवरचा आमचा मेकॅनिक माणसांशी कमीच बोलायचा. बॉनेट उघडलं की इंजिनाशी पुटपुटत राहायचा आणि मध्येच विचारायचा, "वास येतोय का, ताई?" मला ती त्याची लकब वाटायची.

त्या दिवशी त्यानं माझ्या जुन्या गाडीचा पेट्रोलचा पाइप बदलला, पण गाडी काही सुरू होईना. तो पुन्हा पुन्हा चावी फिरवत होता. बाजूला उभ्या असलेल्या मला एवढा उग्र वास आला की मी ओरडलेच, "थांबा! पेट्रोल सांडतंय!"

त्यानं चावी काढली आणि पाइपाखाली हात घातला. ओली बोटं नाकाशी धरून तो तसाच उभा राहिला.

"क्लिप ढिली राहिली," तो म्हणाला. "मागच्या आजारपणापासून मला वासच कळत नाय, ताई."

मग त्याचा चेहरा एकदम उतरला. सकाळीच त्यानं पाइप बदललेली एक गाडी वणीला निघाली होती. त्यानं लगेच फोन लावला. "दादा, गाडी कडेला घ्या. लेकरांना आधी उतरवा. मी आलोच."

तो मोटारसायकलवरून गेला. त्या गाडीचा पाइप कोरडा ठणठणीत होता.

तरीही त्यानं पेट्रोलची कामं कायमची सोडली. आता फक्त ब्रेक आणि क्लच बघतो. गॅरेज बहुतेक वेळा रिकामंच असतं.

"अहो, काही झालं तर नव्हतं ना," मी एकदा म्हटलं.

"झालं नाय," तो खाली बघत म्हणाला, "व्हायचं राहिलं."