आठ वाजून दहा मिनिटांनंतर

नितीनचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या घरी डाव्या हाताने रबरी चेंडू दाबत बसलो होतो. "मामा, आई गेली," एवढंच तो म्हणाला. मंदाताई, माझी मोठी बहीण, अकोटच्या शाळेत जन्मभर शिकवत आलेली... पक्षाघाताने गेली. महिना झाला, तरी मला एका जागी बसवत नाही.

कारण तोच झटका दोन वर्षांपूर्वी मलाही आला होता. तेव्हा मी पुण्यात लेकीकडे होतो. चहा पिताना तोंड वाकडं झालं, डावा हात लुळा पडला, आणि तासाभरात मेंदूचा स्कॅन होऊन गुठळी विरघळवणारं इंजेक्शनही मिळालं. ताई भेटायला आली ती माझ्यापेक्षा डॉक्टरांशीच जास्त बोलली. लक्षणं काय, वेळ किती, सगळं विचारून घेतलं. निघताना म्हणाली, "पुण्यात होता म्हनून वाचला तू, बाबू. अकोटात असता तं?" मी हसण्यावारी नेलं.

त्या सकाळी ती तुरीच्या शेंगा सोलत होती. उजव्या हातातून शेंग गळाली, ती पुन्हा उचलता येईना. ती घाबरली नाही. जड झालेल्या जिभेने तिने नितीनला बजावलं, "आठ वाजून दहा मिन्टं झाले. ध्यानात ठेव." जवळच्या दवाखान्यात रक्तदाब पाहिला, सलाईन लावलं, थोडी वाट पाहू म्हणाले. स्कॅनचं यंत्र तिथे नव्हतंच. ॲम्ब्युलन्स मिळून अकोला गाठेपर्यंत दुपार झाली, आणि तिथे स्कॅनला रांग. तरुण डॉक्टरीणबाईंनी झटका कधी आला ते विचारलं. नितीनने अचूक वेळ सांगितली. बाई घड्याळाकडे बघत राहिल्या, मग खालच्या आवाजात म्हणाल्या की इंजेक्शनची साडेचार तासांची वेळ टळून गेलीय.

मी अकोल्याला पोचलो तेव्हा तिची वाचा गेली होती. तिने माझा डावा हात धरला आणि एकेक बोट हलवून पाहिलं... माझं! त्यानंतर नऊ दिवस ती होती; मी अमरावतीला परतलो, आणि मग नितीनचा तो फोन आला.

तेरवीनंतर अकोटला थांबलो. ताईच्या ओट्यावर संध्याकाळी मळ्यातल्या बाया तिच्याकडून सरकारी कागद वाचून घ्यायला यायच्या. अजूनही येतात, थोडं टेकून परत जातात. काल त्यांतल्या एकीने मला विचारलं, "भाऊ, आमाले असं झालं तं जाचं कोठी?"

सरळ अकोल्याला, वाटेत कुठेही न थांबता, असं मी सांगितलं. तिने मान हलवली, आणि गाडी कोणाकडे आहे ते शेजारणीला विचारू लागली.