अप्पांची ऑर्डर

रविवारी दुपारी आमचा चांगलाच पोपट झाला. आई आणि अप्पांना पापडीहून गाडीत बसवून पाचूबंदरच्या खानावळीपर्यंत घेऊन गेले, तर शटर खाली... खानावळवाल्या मावशींच्या घरी पुतण्याची हळद होती.

अप्पांना उन्हात फार फिरवणं शक्य नव्हतं. पायऱ्या नसलेली, एसी असलेली जागा एकच आठवली, स्टेशनकडचं नवं बर्गरचं दुकान. चेनमधलं. कुठल्याही शहरात जा, तीच पाटी, त्याच खुर्च्या आणि तीच चव.

आता माझ्या ओळखीच्यांना माहीत आहे, मी ह्या चेनवाल्यांवर किती तोंडसुख घेते ते. वसईत राहून बर्गर कसले खाता, म्हणून ह्याच वॉलवर मी भल्याभल्यांची टर उडवली आहे. त्यामुळे आत शिरताना कुणी ओळखीचं भेटू नये, एवढीच इच्छा होती...

थोडं अप्पांबद्दल सांगते. गेल्या वर्षी माझ्या वडिलांना स्ट्रोक आला. आता चालतात, सगळं कळतं, पण बोलणं गेलं. मनातला शब्द ओठांवर येत नाही, आणि आलाच तर भलताच येतो.

आणि हा माणूस कोण, तर खानावळीत बसल्यावर अख्ख्या टेबलाची ऑर्डर एकट्याने देणारा. मासा कुठल्या बोटीचा, कधी आला, तळायला काय आणि कालवणात काय, अशी मावशींची उलटतपासणी झाल्याशिवाय आम्ही कधी जेवलेलो नाही.

मावशींकडे मेनूकार्ड नाही. त्या टेबलाशी उभ्या राहून एका दमात सांगतात, "बोंबील हाय, बांगडा हाय, मांदेली हाय, कोलंबी संपली. बोला." आणि बोलणं तेवढंच तर अप्पांना जमत नाही.

ते ओठ जुळवतात. ब... ब... आजूबाजूची सगळी ओळखीची माणसं, घास हातात धरून बघत राहतात. मग मावशीच मायेने म्हणतात, "बोंबीलच ना, अप्पा? आनते. तवर पानी घ्या."

अप्पा मान हलवतात, बोंबील येतात. कित्येक महिने असंच चाललंय. त्यांना कदाचित बांगडा हवा असेल, हे खरं सांगायचं तर माझ्या डोक्यातच आलं नाही.

हळूहळू घरीही त्यांनी काही मागायचं सोडून दिलं. चहा की कॉफी विचारलं, तरी नुसती मान. हा शर्ट की तो, तरी मान... स्पीच थेरपिस्ट बाई सांगत होत्या, त्यांचं त्यांना निवडू द्या, नाहीतर ते प्रयत्नच सोडून देतील. मला त्याचीच धास्ती बसली होती.

तर त्या दुकानात ऑर्डर घ्यायला माणूसच नव्हता. दारापाशी माझ्यापेक्षा उंच अशी टचस्क्रीन होती, सगळ्या पदार्थांचे मोठे मोठे फोटो असलेली. मी सवयीने बोट पुढे केलं, तर अप्पांनी माझा हात बाजूला केला. बाजूला कसला, चक्क ढकलला.

मग ते स्वतः एकेक फोटो बघत बसले. चुकलं की मागे जायचे, पुन्हा शोधायचे. हात थरथरतो, त्यामुळे एकदा ऑर्डरमध्ये चुकून चार कोल्ड्रिंक्स पडली, ती त्यांनी न चिडता एकेक करून काढून टाकली.

मागे रांग वाढत होती. मी ओशाळून मागच्या मुलीकडे बघितलं, तर ती मोबाइलमध्ये बुडालेली. तिथे कुणीच अप्पांकडे बघत नव्हतं, ते कोण आहेत हेही कुणाला माहीत नव्हतं... आणि मला पहिल्यांदाच त्याचं बरं वाटलं.

शेवटी स्क्रीनवर प्रश्न आला, आणखी काही हवंय का? अप्पा त्या प्रश्नासमोर बराच वेळ उभे राहिले. मी तोंड उघडणार होते, पण आईने माझा दंड धरला. मग त्यांनी अजून एक फोटो दाबला.

ट्रे आला. मला चीज ओघळणारा कसला तरी बर्गर, त्यांना चिकन, आईला साधा आलू बर्गर. आणि शेवटचा तो फोटो, म्हणजे व्हॅनिला आईस्क्रीम आणि वर गरम चॉकलेट. अप्पांनी तो कप उचलून आईसमोर ठेवला.

"अप्पा, आईला कुठे चॉकलेट आवडतं?" मी म्हटलं. लहानपणी तिच्या वाटणीचंसुद्धा ती आम्हालाच द्यायची की.

आईने पदराने चष्मा पुसला. मग आमच्या घरच्या बोलीत, अगदी हळू आवाजात तिने सांगितलं, की नवीन लग्न झालं तेव्हा अप्पा वाडीतली फुलं दादरला पोचवून येताना तिच्यासाठी चॉकलेट आणायचे. मोठ्यांना दिसू नये म्हणून रिकाम्या टोपलीत, फडक्याखाली लपवून. आम्हा भावंडांना आजवर ह्याचा पत्ता नव्हता.

"ह्यांच्या लक्षात आहे गं," एवढंच ती पुढे म्हणाली.

अप्पा खात होते. सॉस शर्टावर सांडत होता, पण तिथे सगळ्यांचंच सांडत होतं. आईने तो कप तळापर्यंत खरवडून खाल्ला, मला एक चमचासुद्धा विचारला नाही. मी माझा चीजवाला बर्गर निमूटपणे संपवला आणि खिडकीकडे तोंड करून थोडी रडले.

मासे खायला आम्ही मावशींकडेच जाणार, त्यात बदल नाही. पण लोक ह्या चेनवाल्यांकडे का जातात, ह्यावर आता मी जपून बोलेन. कुणाला ओळखीच्या नजरा नको असतात, कुणाला बोलायची वेळच यायला नको असते... आपल्याला बाहेरून काय कळणार.

त्या मशीनला थँक्यू म्हणायची काही सोय दिसली नाही, म्हणून इथे म्हणते. माझ्या वडिलांना तू विचारलंस, आणि ते सांगेपर्यंत थांबलंस. थँक्यू.